स्वल्प ताळ म्हणणारे अण्णा

चांगली बातमी ऐकली की अण्णांचा चेहरा पडायचा. वाईट बातमीला मात्र ते शांतपणे ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘ठीक’, म्हणत आणि पान्हा शोधायला लागत.

बंगळूरच्या आमच्या लेसर प्रयोगशाळेत ते हवा उपसणारे निर्वात पंप सांभाळत. मूळचे निपाणीचे, राहायला बनशंकरीला. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून पीएच.डी.ला आले, तेव्हा तिथे मराठी बोलणारे ते एकटेच. वयाने वडिलांएवढे, पण मला अक्का म्हणत. आत शिरण्याआधी मनगटावरचं घड्याळ दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचं, हा त्यांचा नियम. चकाकत्या पट्ट्यावरून लेसर उसळला तर डोळा गेलाच. कुणी कुरकुरलं की म्हणत, “जगातलं सगळ्यात अचूक घड्याळ करायला निघालाय, आणि हातातलं काढून ठेवायला रडायलाय?”

ते अचूक घड्याळ थोरियमच्या अणुकेंद्रकाचं. केंद्रक कुठल्या रंगाचा प्रकाश सोडतं ते कळलं, की त्याच रंगाच्या लेसरने त्याला डोलवायचं आणि ते डोलणं मोजायचं. तो रंग शोधणं हाच माझा प्रबंध.

तिसऱ्या वर्षी डब्यात ठेवलेल्या थोरियमच्या नमुन्यातून फिकी अतिनील चमक दिसली. मी नाचायचीच काय ती बाकी होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध लिहायला घेतला, आईने पुण्यात पेढे वाटले. निबंधाचं पाकीट लवकरच टपालात पडणार होतं. अण्णांचा चेहरा अर्थातच पडला.

“स्वल्प ताळ, अक्का. जरा थांब. डब्यातली हवा काढून बघितलीस काय?”

“चमक थोरियमची आहे अण्णा. हवेचा काय संबंध?”

“नसला तर बरंच की. बघू या.”

मला रागच आला. त्यांनी पंप लावला. हवा विरळ होत गेली तशी चमक मंदावली आणि शेवटी विझली. नमुन्याच्या किरणोत्साराने भोवतालच्या हवेतला नायट्रोजनच उजळत होता. मी स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. अण्णांनी कॅन्टीनमधून कॉफी आणली. “चुकलीस ते ह्या खोलीत राहिलं. छापून आलं असतं मग?”

पाकीट गेलं नाही. ‘ही चमक केंद्रकाची नव्हे’ एवढ्याच निष्कर्षावर माझा प्रबंध उभा राहिला, आणि आज मी ताठ मानेने शिकवते ती अण्णांची कृपा.

मध्यंतरी बातमी आली, परदेशात लेसरने ते केंद्रक अखेर डोलवलं. आनंद व्हायच्या आधी मी त्या संशोधकांचा निबंध शोधून वाचला. त्यांनी डब्यातली हवा काढली होती. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. या बातमीने पडलेला त्यांचा चेहरा मला एकदा बघायचा होता.