गाडी माझ्या नावावर आहे

व्यापाऱ्याच्या घरात बायकोच्या नावावर काय काय असतं, हे बायको सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या लातूरच्या घरात माझ्या नावावर एक प्लॉट आहे, एक गोदाम आहे आणि डाळमिलमधला एक हिस्सा आहे. गोदाम मी एकदाच पाहिलंय, तेही पूजेला. त्यात एका गाडीची भर पडली. सीए म्हणाले, वहिनींच्या नावावर घ्या, यांनी घेतली. कागद घरी आले, मी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सह्या केल्या आणि एका रेसच्या गाडीची मालकीण झाले.

रेसचीच म्हणायची. ट्रॅकवर पळवायला बनवलेली, फक्त नंबरप्लेट लावून रस्त्यावर सोडलेली. सीटा दोन, त्याही टणक. पाठ मागे होत नाही. मागच्या सीटच्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा. दाराला आतून हँडल नाही, कापडी पट्टा आहे, तो ओढायचा. मागे डिकीवर आडवा पंख. गाडीला वेगात जमिनीशी दाबून धरण्यासाठी तो असतो म्हणे. आमच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, लोक त्यावर चहाचे कप ठेवतात. पोट जमिनीपासून चार बोटांवर. त्यामुळे ज्या गल्लीत गतिरोधक, त्या गल्लीतल्या नातेवाइकांकडे यांनी जाणं सोडलं. त्यातल्या दोन घरांपुरते मी गाडीचे आभार मानते.

मला ती गाडी चालवायची होती. नुसतं शेजारी बसायचं नव्हतं, चालवायची होती, आणि मोकळ्या रस्त्यावर. हे मी यांना सरळ सांगितलं.

"अगं, ती येगळी गाडी हाय," हे म्हणाले. "तुला न्हाई झेपणार."

माझी गाडी म्हणजे घरातली जुनी छोटी मोटार. माझं माहेर नांदेड. ती मोटार घेऊन मी लातूर-नांदेड इतक्यांदा केलंय की कुठल्या वळणावर सोयाबीनची ट्रॉली दिवे न लावता उभी असते, ते मला पाठ आहे. हे त्या वेळी शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेले असतात. झोपेत माझ्या हातावर भरवसा, जागेपणी नाही.

मग गाडी चालत कुठे होती? तर वरातीत. आपल्याकडे महागडी गाडी घरी आली की ती घरच्यांची राहत नाही, भावकीतल्या नवरदेवांची होते. औशाला यांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं आणि नाही म्हणायची सोय नव्हती. नवरदेव फेट्यासकट आत मावेना. फेटा काढला, आत बसवला, पुन्हा घातला. तो छताला लागून डोळ्यांवर आला. मुलगा बिचारा स्वतःच्या वरातीला खिडकीच्या फटीतून नाकाने हजर होता. पुढे डीजे, मध्ये नाचणारे, मागे ही गाडी, गोगलगायीच्या चालीने. इंजिन तापलं, पंखा किंचाळायला लागला. आणि आमचे हे स्टिअरिंगवर एक हात ठेवून दुसरा खिडकीबाहेर काढून दोन्ही बाजूंच्या लोकांना हात दाखवत होते. लग्न त्या मुलाचं, नमस्कार यांना. वेड्यासारखे खूश होते. त्यानंतर प्रत्येक मुहूर्ताला गाडीची मागणी यायची, आणि प्रत्येक मुहूर्ताला ती जायची. कुणाच्याही पोराला मिळायची, मला मिळायची नाही. मी चिडले होते, आणि ते लपवतही नव्हते.

शेवटी कुणीतरी यांना म्हणालं, भाऊ, ही गाडी एकदा तरी खऱ्या ट्रॅकवर न्या, नाहीतर कसली ती गाडी. यांच्या वर्मी लागलं. दक्षिणेत एका सर्किटवर हौशी लोकांना दिवसभर गाडी पळवू देतात, तिथे नाव नोंदवायचं ठरलं. मालक मी, म्हणून चालक म्हणून माझंही नाव द्यावं लागलं. "नाव टाकू," हे म्हणाले, "नावाला काय हाय." आपल्याकडे सरपंच बाई असते आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीत तिचा नवरा बसतो, त्याच हिशेबाने त्यांनी माझं नाव टाकलं. मी बॅगेत बूट, पूर्ण बाह्यांचा कुडता आणि माझं लायसन्स टाकलं.

गाडी ट्रकवर चढून गेली, आम्ही रेल्वेने. सकाळी तिथे सगळ्यांना बसवून नियम सांगितले. कुठला झेंडा दाखवला की काय करायचं, हे त्या माणसाने अगदी शाळेतल्यासारखं समजावलं. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. काळा म्हणजे तुमचं काहीतरी चुकलंय, बाहेर या. मी ऐकत होते, कारण माझ्याशी दुसरं कुणी बोलतच नव्हतं. हे बाहेर गाडीशेजारी उभं राहून भावकीच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवत होते.

पहिल्या फेरीत पहिल्याच वळणावर यांनी हॉर्न दिला. समोरून एसटी येईल म्हणून. मी जाळीमागे उभी होते, मला लाज वाटावी की हसू यावं ते कळेना. दुसऱ्या फेरीत मागून दोन गाड्या येऊन चिकटल्या, तेव्हा कठड्यामागच्या माणसाने निळा झेंडा हलवला. यांनी वेग कमी केला, अगदी वरातीइतका, खिडकीतून हात काढला आणि त्याला नमस्कार केला. पुढच्या माणसानेही निळा झेंडा हलवला. यांनी त्यालाही केला. मागच्या गाड्या कर्कश ब्रेक मारत कशाबशा बाजूने निघाल्या. सबंध फेरी यांनी स्वागत स्वीकारत पूर्ण केली.

मग काळा झेंडा आला, शेजारी फळीवर यांच्या गाडीचा नंबर. तो मात्र यांना बरोबर समजला, म्हणजे आपल्याकडे समजतो तसा. गाडी आत आणून, हेल्मेट काढून हे तणतणत उतरले.

"काळा झेंडा दाखवून राहिले मला! मी काय मंत्री हाय का? कुणाचं काय वाकडं केलं मी?"

मी सगळे रंग समजावून सांगितले. ऐकता ऐकता यांचा चेहरा उतरत गेला. मला दया आली, खोटं कशाला बोलू. पण हसू त्याच्या आधी आलं. तिथला अधिकारी शांतपणे म्हणाला, आज यांना पुन्हा ट्रॅकवर जाता येणार नाही. मॅडमचं नाव आहे, त्या जाऊ शकतात.

"तिला न्हाई जमत," हे म्हणाले.

"जमतं," मी म्हणाले, आणि यांच्या हातातलं हेल्मेट घेतलं. आतून घामाने ओलं होतं. तसंच घातलं.

त्या अर्ध्या तासाबद्दल मी फार सांगणार नाही. पहिल्या दोन फेऱ्या मी गाडी घाबरत चालवली. एकदा वळणावर मागचा भाग घसरला, गाडी गवतात जाता जाता राहिली. मला तीन निळे झेंडे दाखवले, तिन्ही वेळा मी बाजू दिली. नंतर कधीतरी भीती गेली. पुढे सरळ रस्ता होता, त्यावर ट्रॉली नव्हती, खड्डा नव्हता, शेजारी "हळू, हळू" म्हणणारं कुणी नव्हतं. मी पाय दाबला. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता, आणि तो इतकी वर्षं अडवून ठेवल्याचा रागही त्याच क्षणी आला.

आत आले, इंजिन बंद केलं. हे धावत आले. मला वाटलं, काही विचारतील. यांनी वाकून गाडीचं पोट पाहिलं, चारही चाकं पाहिली, आत हात घालून किल्ली काढली. "कुठं घासली तर न्हाई ना?" म्हणाले.

तेवढ्यात लातूरहून सासूबाईंचा फोन आला. यांनी उचलला. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"काय रे, पळवली का गाडी?"

"हाव आई. पळवली की. लई पळवली."

मी समोर उभी, हेल्मेट काखेत. यांच्या हातून फोन घेतला. "आई, यांना बाहेर बसवलं होतं. गाडी मी पळवली."

माझी सासू देवघरातल्या पिंडीइतकीच कमी बोलते. आता काय ऐकावं लागेल म्हणून मी दम धरून उभी राहिले.

"किल्ली कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या खिशात."

"मंग घे की त्याच्याकडनं काढून. गाडी तुझ्या नावावर हाय, का त्याच्या?"

फोन कानाला तसाच धरून मी यांच्यापुढे हात केला. यांनी इकडेतिकडे बघितलं. जाळीपाशी लोक होते, तो अधिकारी होता. मी हात मागे घेतला नाही. बऱ्याच वेळाने यांनी खिशात हात घातला.