घुमट आधी फुटले

“मास्तर, वासू गेलो... हांगाच, आमच्या सोप्यार.”

फोन सगुणबाबांचा होता. वासूच्या मृत्यूची बातमी त्यांनी मला द्यावी, आणि तीही स्वतःच्या घरातून, यात केवढे काही सामावले आहे, ते पेडणे तालुक्याबाहेरच्या वाचकाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. सगुणबाब हे आमच्या पार्से गावातले मोठे बागायतदार आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीतले जुने जाणते वादक. ज्या माणसाच्या उशाशी बसून ते माझ्याशी बोलत होते, त्याच माणसाच्या हातून त्यांच्या मुलाच्या, रोहनच्या, उजव्या डोळ्याची अर्धी दृष्टी गेली होती. त्याचा खटला चालला होता, गाव दुभंगले होते. आणि तरीही मी धापा टाकत त्यांच्या घरी पोचलो तेव्हा वासूचे डोके रोहनच्या मांडीवर होते. डॉक्टर आपली पिशवी बंद करीत होते. हृदय थांबले, एवढेच ते म्हणाले.

त्याला आता काही आठवडे झाले. चवथ तोंडावर आली आहे. वाड्यावाड्यांवर माळ्यावरची घुमटे खाली उतरली आहेत, दुपारच्या वेळी कुठून तरी थाप ऐकू येते आणि लिहायला बसलेल्या माझी बोटे टेबलावर ठेका धरू लागतात. स्मृतिलेख शांत चित्ताने लिहावा, असे म्हणतात. वासूविषयी मला ते जमणार नाही. त्यालाही ते आवडले नसते.

वासू सिद्दी होता. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांत घालून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या माणसांचे हे वंशज. यल्लापूरकडच्या रानात त्यांच्या वस्त्या आहेत. वासूचे वडील तिथून डिचोलीच्या खाणींवर कामाला आले आणि साखळीचे झाले. वासू साखळीतच जन्मला. मामाकडे राहून मी साखळीला शिकत होतो तेव्हा तो माझ्या बाकावर बसायचा. मराठी कविता माझ्यापेक्षा खड्या आवाजात म्हणायचा आणि भूमितीत माझ्याइतकाच नापास व्हायचा. पुढे मी शिक्षक झालो आणि तो बसगाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा कारागीर. “दोगांयचें काम एकच,” तो म्हणायचा. “तूं पोरांक सरळ करता, हांव बशींक. पूण बशी उलटून जाप दिनात, इतकें म्हजें नशीब बरें!”

चवथीला मात्र तो आमचा असे. घुमट म्हणजे तसे पाहिले तर दोन तोंडांचे मातीचे मडके. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, धाकटे तोंड उघडे. उजव्या हाताची थाप आणि डाव्या तळव्याची उघडझाप यांतून ते बोलू लागते. वासूच्या मांडीवर ते बोलत नसे, गर्जत असे! जोडीला शामेळावर, म्हणजे मातीच्या छोट्या नगाऱ्यावर, पडणाऱ्या काठ्या आणि काशाच्या जड टाळांची, आम्ही ज्यांना कासाळे म्हणतो त्यांची, झणत्कारणारी साथ... एका घरची आरती आटोपून दुसऱ्या घरी जाताना आम्ही चालत नसू, अक्षरशः धावत असू. घामाने निथळणारा वासू मध्येच माझ्याकडे बघून ओरडे, “मास्तर, आवाज खंय? नेवऱ्यो खातना बरें तोंड उगडटा!” माझा स्वर मुळात खालचा. त्याच्या शेजारी उभा राहिलो की मलाही मोठ्याने गाता येते, असे मला वाटत असे.

ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी चवथीच्या आधी किनाऱ्याकडे परदेशी माणसांशी कुणाची तरी मारामारी झाल्याची बातमी मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. जितकी ती फिरे, तितकी तिच्यातली माणसे अधिक काळी आणि अधिक धिप्पाड होत. वासू आमच्या मंडळासाठी आपल्या हातांनी नवे मढवलेले घुमट घेऊन पार्सेला आला होता. मी त्याला तिठ्यावर भेटलो. त्याला रस्त्यावर उभे करून, चहाबरोबर खायला उंडे घ्यावेत म्हणून मी कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे आत शिरलो. तेवढ्यात मोटरसायकलींवरून तिघे तरुण आले. त्यांतला एक रोहन. बाहेर काय बोलणे झाले, ते मी पुढे वासूच्याच तोंडून ऐकले.

“ए काळ्या, खंयचो तूं? पासपोर्ट दाखय!”

“अरे बाबा, हांव साखळेचो. वाट सोड, घुमटाचें चामडें अजून ओलें आसा.”

“पळय रे! कोंकणी लेगीत शिकलो हो!”

त्याची मातृभाषाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरली. एकाने हातातले हेल्मेट फिरवले. मला आत फक्त फुटल्याचा आवाज आला. कुणाच्या तरी हातून पाण्याची घागर पडली असावी, असे वाटले. बाहेर आलो तर वासू भिंतीला पाठ लावून उभा. पायाशी खापऱ्या. घुमटाचा पट्टा अजून गळ्यात, आणि त्या पट्ट्याला अडकून राहिलेला मडक्याचा काठ छातीवर लोंबतो आहे. त्याच्या हातात कासाळे होते. समोर रोहन रस्त्यावर बसलेला, चेहऱ्यावर दोन्ही तळवे, बोटांमधून रक्त. उरलेले दोघे पुढे सरकत होते. मी आयुष्यात ओरडलो नव्हतो इतक्या मोठ्याने ओरडलो, “थांबा! तो निग्रो नव्हे, तो आपला आहे!”

दोघे थांबले. त्या वाक्याकडे मला पुन्हा यावे लागेल.

वासूला अटक झाली. रोहनच्या सोबत्यांचे म्हणणे असे, की आम्ही नुसती वाट मागितली आणि त्याने आधीच हातात धरलेल्या धातूच्या टाळाने मारायला सुरुवात केली. घुमट नंतरच्या झटापटीत फुटले. वासूचे म्हणणे, स्वतःला वाचवण्यासाठी मारले. त्या दुपारी तिठ्यावर बरीच माणसे होती; साक्षीची वेळ आली तेव्हा कुणीच नव्हते. खांबावरचा कॅमेरा तोंड फिरवून दुसऱ्या रस्त्याकडे पाहत होता. “मडक्याच्या बदल्यात डोळा?” असे लोक विचारत, आणि मला प्रामाणिकपणे सांगायला हवे की, हा प्रश्न मलाही बोचत असे. वासूला तर फारच. “पयलो घाव राखपाक मारलो, मास्तर,” तो एकदा म्हणाला. “दुसरो... दुसऱ्याचें माका खबर ना.” जामिनावर सुटल्यावर त्याला दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. तिथल्या हवालदाराशी त्याची इतकी गट्टी जमली की पुढे हजेरीची गरज संपल्यावरही तो चहाला जात राहिला. पण त्या काळात त्याच्या घरात कुणी हसत नव्हते. शिक्षा झाली असती तर गॅरेज गेले असते. लेकीचे लग्न ठरत होते, तेही मोडले असते.

आमच्या मंडळातले मित्र माझ्या घरी जमले. “मास्तर, तुम्ही पाववाल्याच्या पायरीवर होतात, एवढेच म्हणा. पायरी आणि दुकान यांत अंतर ते केवढे?” मला ते पटू लागले होते. मी मनात वाक्ये जुळवली होती, आरशासमोर म्हणूनही पाहिली होती. मग वासू आला. त्याने सगळे ऐकून घेतले.

“तूं खंय आशिल्लो?”

“आत.”

“मागीर भितर आशिल्लो म्हण.”

“वासू, तुला शिक्षा होईल.”

“जावं. तूं म्हजे खातीर फट मारशी जाल्यार म्हजें खरेंय फट दिसतलें.” तो जायला उठला. “आनी एक सांग मास्तर. तूं त्या दिसा बोबाटलो, हो आपलो म्हणून. हांव आपलो नासलों जाल्यार?”

त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यात आरोपही नव्हता. पण तो प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो. दूर देशाहून आलेला कुणी अनोळखी माणूस त्या भिंतीशी उभा असता, तर मी ओरडलो असतो का? आणि काय म्हणून ओरडलो असतो? मित्राला वाचवण्यासाठी मी ‘निग्रो’ हा जो शब्द वापरला, तोच शब्द त्याच्या हल्लेखोरांच्या मनात होता. फक्त तो त्याला लागू होत नाही, एवढेच मी त्यांना सांगितले होते.

न्यायालयात मी आत होतो असेच सांगितले. बाहेर आल्यावर जे दिसले ते सांगितले: भिंत, खापऱ्या, गळ्यातला पट्टा, छातीवर लोंबणारा काठ. सरकारी वकिलांनी स्मित केले. म्हणजे सुरुवात तुम्ही पाहिलीच नाही? नाही. मी पिंजऱ्यातून उतरलो तो मान खाली घालून. माझी साक्ष कवडीमोलाची झाली, असेच मला वाटले.

आणि मग सगुणबाबांची साक्ष निघाली! सरकार पक्षाने त्यांना बोलावले होते ते कासाळे किती जड असते, त्याने केवढी इजा होऊ शकते, हे जाणत्या वादकाच्या तोंडून वदवण्यासाठी. त्यांनी ते चोख सांगितले. मुलगा मागच्या बाकावर काळा चष्मा लावून बसला होता. बापाच्या शब्दाशब्दात धार होती. मग वासूची वकीलबाई उठली. वयाने लहान, आवाज बारीक. तिने विचारले, “चामडे पुरते वाळलेले नसताना घुमट कुठे न्यायचे असेल, तर ते कसे धरतात?”

सगुणबाब क्षणभर न्यायालय विसरले. वादकाला वाद्याविषयी विचारले की तो असाच विसरतो. त्यांनी पिंजऱ्यात दोन्ही हात पुढे केले, तान्हे मूल घ्यावे तसे. “पट्टो गळ्यांत. एक हात सकयल, एक फाटल्यान. ओल्या चामड्याक कांय लागूंक जायना. दोनूय हात सोडूंकच जायनात.”

“आणि कासाळे?”

“तें पिशवेंत. खांद्याक.”

“मग पिशवीतून कासाळे काढायचे झाले तर?”

सगुणबाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ते थांबले. हात तसेच हवेत होते, नसलेले घुमट धरून. ते आपल्या हातांकडे पाहू लागले. सरकारी वकील घाईने उठले: घुमट खाली ठेवून कासाळे काढता येईल, नाही का? हो म्हणणे किती सोपे होते! एक शब्द, आणि मुलाची बाजू सावरली असती. सगुणबाबांनी मागे वळून रोहनकडे पाहिले. मग न्यायाधीशांकडे.

“सकयल दवरपाक पट्टो गळ्यांतलो काडचो पडटा,” ते म्हणाले. “मास्तरान सांगलां, पट्टो गळ्यांत आशिल्लो. काठ पट्ट्याक आशिल्लो.” “घुमट आदीं फुटलें, साहेब. ताच्या हातांत फुटलें. कासाळें मागीर भायर आयलें.”

वासू सुटला. त्या संध्याकाळी साखळीच्या त्याच्या दारात इतकी घुमटे वाजली की शेजारच्यांना वाटले चवथ आली! मी गायलो, नाचलोही असेन. वासू मात्र सगळ्यांत मिसळून हसत असतानाच मध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताच्या पोराचो दोळो परत येवचो ना, मास्तर.”

पहिली चवथ सगुणबाब कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी ते एकटेच साखळीला, वासूच्या गॅरेजात गेले. हातात कोरे मडके. “हाका चामडें घाल,” म्हणाले. क्षमा नाही, खुलासा नाही. वासूने ते मढवून दिले आणि पोचवायला स्वतः पार्सेला आला. तेव्हापासून दर वर्षी चवथीच्या आधी सगुणबाबांच्या सोप्यावर बसून घुमटे मढवणे, हे त्याचे काम झाले. रोहन आधी आत निघून जाई. मग दोरी धरायला बसू लागला. त्या दोघांत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारले नाही, आणि ते बरेच केले.

पण हल्ल्यानंतर वासूला एक सवय जडली होती. पेडण्यात कुठल्याही वाड्यात, कुठल्याही घराच्या फाटकाशी तो पोचला की आत पाऊल टाकण्याआधी खणखणीत साद घालायचा, “हांव वासू सिद्दी, साखळेचो!” माझ्याकडेही. सगुणबाबांकडेही, आणि त्यांच्याकडे वर पुस्ती, “पासपोर्ट घरा उरलो!” आम्हाला ती त्याची गंमत वाटे. आतून रोहन ओशाळून म्हणे, “काका, भितर यो आतां.” एकदा मी विचारले, तुला इथे कोण ओळखत नाही, मग दर वेळी ही द्वाही कशाला? तो नेहमीसारखा हसला. “वळखतात तांचे खातीर न्हय, मास्तर. जे वळखनात तांचे खातीर. तोंड दिसच्या आदीं म्हजो आवाज पावूंक जाय.” त्यानंतर त्या सादेत मला गंमत ऐकू आली नाही. माझ्या स्वतःच्या फाटकाशी तो ती घालायचा, आणि मी दर वेळी थोडा अधिक खजील होऊन दार उघडायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर परवा सगुणबाबांच्या सोप्यावर बसलो होतो. तो शेवटचा काय बोलला, असे मी विचारले. “कांय ना,” ते म्हणाले. “चामडें भिजत घाललें, बसलो, आनी मातसो कुशीक जालो...” मग ते हळूच म्हणाले, “मास्तर, त्या दिसा तान्नें साद घालूंक ना.”

मला वाटले त्यांना ऐकू आली नसेल. वय झाले आहे. मी पुन्हा विचारले. उत्तर रोहनने दिले. तो उंबऱ्यावर उभा होता.

“ना, मास्तर. हांव हांगाच बशिल्लों. फकत गेट वाजलें. सरळ वयर आयलो आनी म्हणलें, उदक दी रे.”