बिनवासाची टोपली

"मॅडम, तुम्ही काय करता?" टेबलापलीकडच्या बाईने विचारलं.

"मासळी विकते. पनवेलच्या बाजारात."

ती उठली. मागच्या कपाटावरून सुगंधी फवाऱ्याचा डबा घेतला आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात मारला. मोगऱ्याचा होता. मग खुर्चीत बसून हसली आणि म्हणाली, "हां, बोला मावशी."

जून संपत आला होता. मासेमारीला बंदी. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. बाजारातली माझी जागा रिकामी होती आणि कितीतरी दिवसांत माझा हात मासळीला लागला नव्हता. सकाळी डोक्यावरून न्हाले होते, लेकीच्या साबणाने. म्हणजे वास माझ्या अंगाला नव्हता. आम्ही आत येऊन बसलो, पाणी आलं, माहितीपत्रक आलं, तोवर खोली ठीक होती. मी उत्तर दिलं आणि वास सुटला.

शेजारी माझी लेक प्रणाली बसली होती. तिने हळूच ओढणीचं टोक नाकाशी नेलं. आपल्या अंगाला वास येतोय का, ते ती बघत होती. मी पाहिलं. त्या बाईनेही पाहिलं.

मी माहितीपत्रक चाळत राहिले. लेकीला कॉलेजात जागा हवी होती.

हे खाजगी विद्यापीठ. पनवेलजवळच, काचेची इमारत. तिथे पूर्वी खाडीचा चिखल होता. लग्न होऊन आले तेव्हा ओहोटीला सासूबरोबर मी तिथे चिंबोऱ्या धरल्या आहेत. मग भराव पडला. आता तिथे 'स्थानिक' मुलींना फीमध्ये सवलत आहे. प्रणालीला कॉम्प्युटर शिकायचं होतं, तिथे ते मिळत होतं. ती बाई प्रवेशाचा सल्ला देणारी. तिने आम्हाला प्रयोगशाळा दाखवल्या, काचेबाहेरून. प्रणालीने दाराच्या मुठीला हात घातला तर म्हणाली, "नको बेटा, आत सिस्टिम्स आहेत."

दुसरा पर्याय सरकारी विद्यापीठाचा. घाटापलीकडे, एसटीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथे सीईटीच्या गुणांवर आणि आमच्या जातीच्या आरक्षणातून पहिल्या फेरीत तिला इलेक्ट्रिकल लागलं. राहायला होस्टेल.

घरात फारसा वाद झाला नाही. माझा नवरा जासईला कंटेनर यार्डात कामाला आहे. तो एवढंच म्हणाला, "पोर सांजची घरा येल. तुला आजून काय पायजे?" प्रणालीला कॉम्प्युटर पाहिजे होतं. मला ती डोळ्यांसमोर पाहिजे होती. मोगऱ्याचा वास गिळला आणि खाजगीला होकार कळवला. अपमानावरून कॉलेज निवडायचं नसतं, एवढं मला कळतं.

पण झोप लागेना. दिवसा कामात लक्ष लागेना. भांडी घासताना ओढणी नाकाशी नेणारी पोर दिसायची.

जुलै लागताच त्याच बाईचा फोन आला. आवाजात साखर.

"मावशी, नवीन मुलांचं स्वागत आहे. मोठे पाहुणे येणारेत. आपण कोळी नृत्य बसवतोय. तुमची प्रणाली पुढे राहील हं, मधोमध! ओरिजिनल कोळी मुलगी आहे म्हटल्यावर सगळे खूश झाले."

"बरं."

"आणि तुमच्याकडे ते लुगडं, दागिने असतील ना? खरे? आमच्या मुली भाड्याचे आणतात, त्यात मजा नाही. आणि एक टोपली लागेल. ओरिजिनल. फक्त मावशी, नवीन बघा हं. वापरलेली नको, वास येतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "प्रणालीला विचारलंत?"

"अहो, विचारायचं काय त्यात? तुमचं कल्चर आहे, प्राउड वाटायला हवं! आणि सवलत दिलीय ना आपण तिला. मग थोडं कोऑपरेट करायला नको?"

तिथे माझ्या डोक्यात लख्ख झालं. कोळ्यांची गाणी लावून कोण नाचत नाही? शाळेच्या गॅदरिंगला नाचतात, हळदीला नाचतात, सोसायटीच्या गणपतीत नाचतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मीही नाचते, आणि बरी नाचते. पण आमच्या हळदीत मी नाचते ती माझ्या मर्जीने. इथे माझ्या पोरीचं नाचणं फीच्या सवलतीत धरलेलं होतं. आज नाच. उद्या माहितीपत्रकावर फोटो. परवा कुणा पाहुण्याच्या गळ्यात हार घालायला हीच. चार वर्षं हसत राहायचं आणि आभार मानत राहायचं.

"मॅडम," मी म्हटलं, "नाचायला मुली तुमच्याकडे खूप आहेत. माझी येणार नाही. नाचायलाही नाही आणि शिकायलाही नाही."

फोन ठेवला. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या गंगामावशीला जाऊन सांगितलं. ती माझ्या आईच्या वयाची. तिने बोंबलांची जुडी बांधता बांधता ऐकून घेतलं आणि एवढ्या जोरात हसली की गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.

"आगो, त्यांना कोलीण पायजे," ती म्हणाली, "पन साफ करून पायजे! पापलेट नेतात तशी!"

मीही हसले. घरी गेल्यावर हसू उतरलं.

प्रणाली दारातच उभी होती. त्या बाईने आता तिलाच फोन केला होता.

"मला न विचारता नाही म्हणालीस?"

"हो."

"तुझा अपमान झाला म्हणून माझं कॉम्प्युटर गेलं? मी नाचले असते ना! एक दिवस नाचले असते! काय बिघडलं असतं?"

"तुला न विचारता त्यांनी हो धरलं होतं."

"आणि तू न विचारता नाही धरलंस. फरक काय?"

बरोबर बोलली. सरकारी जागा आम्ही अजून सोडली नव्हती; ती पक्की करायला दोन दिवस उरले होते. मी म्हटलं, "उद्या ते दुसरं बघून येऊ. तुला नाही पटलं तर मी त्या बाईला फोन करून माफी मागते." मी हे मनापासून बोलले होते. पोरीचं शिक्षण माझ्या रागापेक्षा मोठं आहे.

दुसऱ्या दिवशी पनवेल डेपोतून एसटी पकडली. ती सारा वेळ कानात वायरी घालून बसली. घाटात एकदा चिवडा पुढे केला तर मान हलवली.

सरकारी विद्यापीठ पाहून माझंच मन खट्टू झालं. जुनी दगडी इमारत. होस्टेलच्या जिन्यात छत गळत होतं, खाली बादली. तिथल्या एका मुलीने सरळ सांगितलं, "ताई, आमच्या एका विषयाला सर नाहीयेत. जागा भरलेलीच नाही." कार्यालयातला कारकून सगळ्यांवरच खेकसत होता. खिडकीपाशी गर्दी, आणि तो आतून मोठ्याने ओरडला, "कॅटेगरीवाले डावीकडे!"

आम्ही डावीकडे गेलो. उजवीकडच्या रांगेतला एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, मुलाला सोबत घेऊन आलेला, बायकोला म्हणाला, "यांचं बरं असतं. अभ्यास करा, नका करू, सीट तयार." हळू म्हणाला, पण आम्हाला ऐकू जाईल इतकंच हळू.

मी वळणार, तेवढ्यात प्रणाली बोलली. कानातल्या वायरी काढून, सरळ त्याच्याकडे बघून.

"हो काका, कोट्यातूनच आलेय. कोटा कायद्यात आहे. आता जरा सरका, माझा नंबर आलाय."

तो सरकला. ती खिडकीपाशी गेली आणि कारकुनाला म्हणाली, "सर, ओरडू नका, ऐकू येतं." कारकून तिच्यावरही खेकसला. ती हलली नाही. आधी इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा बघायची आहे, असं सांगितलं. शिपाई कुरकुरत घेऊन गेला. कुलूप नव्हतं, काच नव्हती. मोटारी उघड्या पडलेल्या, मुलं वाकून तारा जोडत होती. यंत्रं जुनी होती, हे मलाही कळलं. ती बराच वेळ तिथे उभी राहून मुलांना काहीबाही विचारत राहिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मग? करू फोन?"

"कुणाला?"

"त्या बाईला. माफी मागायला."

"नको." जरा थांबून म्हणाली, "त्या काकांना बोलले तसं मी तिथे कुणालाच बोलू शकले नसते. सवलत होती ना." मग चिडूनच पुढे, "पण मला कॉम्प्युटरच हवं होतं. ते तू विसरू नकोस."

नाही विसरणार. परत खिडकीशी जाऊन आम्ही जागा पक्की केली.

ती आता होस्टेलात आहे. इलेक्ट्रिकलला पुढे काय मिळेल, मला माहीत नाही. नवरा अजून धुसफुसतो. रोज फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. उद्या सगळं चुकलं तर खापर माझ्यावर फुटेल. फुटू दे. पण तिथल्या नसलेल्या मास्तरासाठी मी अर्ज लिहिला आहे, इतर पालकांच्या सह्या गोळा करते आहे. मास्तर आला नाही तर सगळ्यांना घेऊन कुलगुरूंच्या दारात बसेन. प्रणालीच्या जागेबद्दल मला कुणाचे आभार मानायचे नाहीत, म्हणून मला भांडता येतं. माझी पोर तिथे कुणाच्या मेहेरबानीवर गेलेली नाही. तिथून तिला कुणी हलवू बघितलं, तर गाठ माझ्याशी आहे.