दोरी तीच, मैदान कुठंही

वाघचौरे सरांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा अंक निघतो आहे, आणि त्यात मीही लिहावं असं मंडळाने सांगितलं. माझी शाळा चौथीत सुटली. मोठ्या लोकांचे लेख मागेपुढे असतील, त्यांच्यासारखं मला जमायचं नाही. पण जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघाबरोबर सात वर्षं गावोगाव हिंडणारी बाई मी. पाहिलं ते सांगते, नटवत नाही.

सरांची पहिली ओळख भांडणातून झाली. माझी शालन शाळा सुटल्यावर दोन-दोन तास घरी यायची नाही. मी तणतणत नेवाशाच्या मैदानावर गेले. सर फक्कीने रेघा मारत होते. माझ्या पोरीला घरी कामं आहेत, तुमचं पळापळीचं खूळ तुमच्यापाशी ठेवा, असं मी चारचौघांत सुनावलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली दोरी पुढे केली नि म्हणाले, "बाई, एवढं टोक जरा धरता का? मग भांडू." मी टोक धरलं. भांडण तेवढं राहून गेलं.

त्या काळी मुलींना परगावी खेळायला पाठवायला कोणी धजत नसे. बरोबर बाई हवी. सरांनी घरोघर जाऊन सांगितलं की पार्वताबाई सोबत आहेत. माझं तोंड तालुक्याला ठाऊक होतं, त्यामुळे आईबाप निर्धास्त झाले. मापाची दोरीही माझ्या ताब्यात आली. दोन खांबांमधलं अंतर नि मधल्या मुलींच्या बसायच्या जागा मोजायला सरांनी ती स्वतः गाठी मारून केली होती. शेवटची गाठ आली की तिथे खांब.

संघ निवडायची सरांची रीत अशी. मुलींच्या पाठीला आकड्याचं फडकं. तीन परीक्षक तीन कोपऱ्यांत, एकमेकांशी बोलायचं नाही. नाव, गाव, आडनाव कोणी विचारायचं नाही. एका पुढाऱ्यांनी भाचीसाठी चिठ्ठी पाठवली, तर सरांनी त्या चिठ्ठीच्याच मागे लिहून परत धाडलं की मुलीला सकाळी आठला पाठवा, चिठ्ठीला पळता येत नाही. मुलगी आली, पळाली आणि निवडलीही गेली. सरांनी तिला पुढाऱ्याची म्हणून घेतलं नाही, आणि पुढाऱ्याची म्हणून टाळलंही नाही.

आता तीन वर्षांमागची गोष्ट. निवड झाली, बारा मुलींत माझी शालन बारावी. मी पेढे वाटले. आणि दोन दिवसांनी सर म्हणतात, कौशी राहिली. पाथर्डीकडच्या माळरानातली ही मुलगी आदल्या साली शाळेच्या सामन्यात अख्खी पाळी कोणाच्या हाती लागली नव्हती. तिचं घर ऊसतोडीला गेलेलं. निवडीला गैरहजर तो बाद, असा नियम. निवड समितीतले बाकीचे तेच म्हणाले आणि मीही मोठ्या आवाजात म्हणाले. सर म्हणाले, "ती गैरहजर नाही. आपलं पत्र तिच्या कुलूप लावलेल्या घरात पडलंय. जागा बदलू, दिवस बदलू. माप बदलायचं नाही." शेवटी ठरलं की कौशीची परीक्षा इतरांसारखीच घ्यायची, तीन पाळ्या, आणि बारावीपेक्षा जास्त वेळ टिकली तरच ती आत. बारावी म्हणजे माझी शालन.

एस.टी.ने सगळा संघ घेऊन आम्ही पुणतांब्याच्या बाजूला उसाच्या फडावर गेलो. कौशी डोक्यावर मोळी घेऊन उभी. मुकादम म्हणाला, "हिला सोडली तर मोळ्या कोन वाहनार? तुमी?"

सरांनी टोपी काढून खिशात घातली. "व्हय, आमी."

दुपारपर्यंत संघाच्या मुलींनी मोळ्या वाहिल्या. सरांनीही वाहिल्या. ते पाहून तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांतल्या बायकांनीच बैलगाड्यांचा तळ झाडून दिला. दोरी लावून दोन बांबू रोवले. सरांनी शालनला बाजूला बसवलं. तिची जागा पणाला आहे, तिने कौशीचा पाठलाग करायचा नाही, असं म्हणाले. मला राग आला.

पहिल्या पाळीत कौशी लवकर बाद झाली. दुसऱ्यातही तसंच. दोन्ही वेळा ती एकाच बांबूपाशी वळताना अडकली. मला आनंद झाला, खोटं का सांगू. मग माझं लक्ष दोरीच्या टोकाकडे गेलं. सकाळी स्टँडवर ट्रंकेची कडी तुटली म्हणून मी शेवटच्या गाठीसकट दोरीचा हातभर तुकडा कापून ट्रंक बांधली होती. टोक उसवू नये म्हणून तिथे नवी गाठ मारली होती. सरांनी भरवशाने त्याच गाठीवर बांबू रोवला. त्या टोकाला मैदान हातभर आखूड, आणि तिथेच पोरीला वळायला जागा मिळत नव्हती.

हे कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं एकट्या शालनला, कारण कापताना ट्रंक तिनेच धरली होती. ती माझ्याकडे बघत होती. एक पाळी उरली होती. गप्प बसले असते तर माझी पोर संघात होती.

"सर, थांबा," मी म्हणाले. "दोरी आखूड हाय. म्याच कापली, ट्रंक बांधायला."

सरांनी शालनकडे पाहिलं. तिने मान डोलावली. सरांनी ट्रंकेचा तुकडा सोडला, टोकाला भिडवला, बांबू उपटून हातभर मागे रोवला. झालेल्या पाळ्या रद्द केल्या, कौशीला पाणी पाजून तासभर बसवलं आणि तिन्ही पाळ्या पहिल्यापासून घेतल्या.

त्या पोरीने काय पळून दाखवलं! तिन्ही वेळा शालनच्या निवडीतल्या वेळेच्या पुढे. सरांनी घड्याळ बंद केलं नि लपवाछपवी न करता सांगितलं, "शालन, तू तेरावी. सरावाला रोज यायचं."

"यीन की," शालन म्हणाली. डोळे भरलेले, पण नाक वर. "पन सरावात हिला म्याच बाद करनार."

कौशी धापा टाकत म्हणाली, "आदी गाठ तर."

परतताना मी दोरी सरांपुढे ठेवली आणि दुसऱ्या कोणाला द्या म्हणाले. सर म्हणाले, "पार्वताबाई, आजपासून ही तुमच्याइतकी जपून कोण ठेवणार?" माझ्या हातातच परत दिली.

त्या साली राज्याच्या अंतिम सामन्यात आमची शेवटची पळणारी कौशी होती. समोरच्या नऊजणी जिवाच्या आकांताने मागे, आणि ही हाती लागायचं नाव घेईना. शिट्टी झाली तेव्हा ती उभी होती. ढाल पहिल्यांदा आपल्या जिल्ह्यात आली. स्टँडवर मुकादम अख्खा तळ बैलगाड्यांत घालून घेऊन आला होता, आणि गुलालात सर ओळखू येईनात.

पुढच्या साली शालन पाठीला फडकं बांधून पळाली आणि चौथी आली. यंदा राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवडला, त्या समितीवर सर होते. आमच्या जिल्ह्याच्या मुली पळायला उतरल्या की सर परीक्षकाच्या खुर्चीतून उठून कुंपणाबाहेर जाऊन उभे राहत. तरी शालन आणि कौशी, दोघी निवडल्या गेल्या. आता सांगा, कोणाची हिंमत आहे वशिला म्हणायची?

सरांना शंभर वर्षांचं आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत आणि शिट्टीत दम राहो. सत्काराला लोक शाली नि नारळ आणतील. मी नवी दोरी वळून आणणार आहे, सगळ्या गाठी मारून. सरांनी ती हातात घेतली की सगळ्यांदेखत आधी मोजून पाहावी. मी दुसरं टोक धरून उभी राहीन.