कमळाकरचा कान आणि मागचं चाक

गोडदेवात कुणाची गाडी कुरकुरायला लागली की आधी गॅरेज नाही, आधी कमळाकर. तो बॉनेट उघडायचा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. निकाल कधी चुकलाच नाही असं नाही, पण चुकला तरी लोक गाडीलाच लबाड म्हणायचे. अठरा वर्षं हा माणूस शांती नगरातली मुलं व्हॅनमधून शाळेत पोचवत होता आणि व्हॅनला ओरखडा नव्हता. मग शब्दाला वजन येणारच. थोडी घमेंडही आली होती. नव्हती म्हणणं म्हणजे उगाच त्याची री ओढणं.

यंदाच्या शिमग्याला त्याला आईला घेऊन गावी जायचं होतं. संगमेश्वरजवळच्या त्यांच्या वाडीत शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. दार उघडं असेल त्याच्या अंगणात बसते, कुलूप असेल तर पुढे जाते. कमळाकरच्या दाराला दोन वर्षं कुलूप होतं. एका वर्षी वडिलांचं सुतक, दुसऱ्या वर्षी आईचं कंबरेचं ऑपरेशन. कृष्णाबाई आता ऐंशीची. "औंदा माझ्या दारात, माझ्या हातानं देवीची ओटी भरीन," ती म्हणाली होती, "फुडल्या सालाचं कोनी बगितलंय?" पालखी शुक्रवारी दुपारी चारला त्यांच्या दारी येणार होती. चार म्हणजे चार.

निघायच्या आधी व्हॅन काशीमीऱ्याला चंदनच्या गॅरेजात दाखवली. चंदननं हायवेवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, पीछे का एक्सल बेरिंग गया है. लंबे पे मत ले जाओ."

"आवाज कुठाय पण?"

चंदननं त्याच्याकडे पाहिलं. "ये क्या, आ रहा है ना. घूंऽऽ करके."

कमळाकरनं मान वाकडी केली, कान टवकारला. इंजिनाची घरघर तेवढी येत होती. त्याला काही कळेना. चंदन पोटभरू माणूस नव्हता, दहा वर्षांची ओळख. संध्याकाळी कमळाकरनं सदूला गाडीत बसवून फिरवलं. सदूचीही शाळेचीच व्हॅन. सदू म्हणाला, "घुमतंय राव, टायर असेल." म्हणजे एक म्हणतो बेरिंग, दुसरा म्हणतो टायर, आणि ज्या कानावर अख्खं गोडदेव विसंबलं तो कान म्हणतो, काहीच नाही. कमळाकरनं विचार केला आणि आपल्या कानाची बाजू घेतली. घरच्या माणसाची घेतात तशी. मनाच्या समाधानासाठी टायरांची अदलाबदल केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि शुक्रवारी पहाटे पाचला गाडी काढली.

पुढे शेजारी मुलगी मिनल, मागे बायको मंदा आणि आई. पनवेल सुटून रस्ता मोकळा झाला तशी मंदा म्हणाली, "अहो, कसला आवाज येतोय?"

"कुठे?"

"मागून. माझ्या पायाखालून."

"भांडी असतील."

गाडी बाजूला घेतली. समई, पितळेचं ताट, तांब्या, सगळं चादरीत गुंडाळलं. पुन्हा निघाले. दहा मिनिटांनी मिनल म्हणाली, "बाबा, येतोय अजून. स्पीड वाढवला की वाढतो."

पुन्हा थांबले. स्टेपनी घट्ट केली, आईला उशीवर बसवली, नारळाची गोणी मिनलच्या पायाशी आणली. पेणच्या पुढे कृष्णाबाईच बोलली, "बाला, भोंगा वाजल्यावानी वाजतो हाय रं."

आता कमळाकर पुरता चक्रावला. ऐंशी वर्षांच्या म्हातारीला ऐकू येतं आणि त्याला नाही? या तिघींनी घरूनच ठरवून ठेवलंय की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. बायकोवर संशय, आईवर संशय, चंदनवर संशय. फक्त एकाच गोष्टीवर संशय घ्यायचा राहिला होता आणि ती त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली होती. पण माणूस तिकडे सहजी पाहत नाही. त्यानं काच खाली केली, वर केली, एकदा तर चालत्या गाडीचं इंजिन बंद करून पाहिलं. मिनल किंचाळली. ते मात्र त्याला ऐकू आलं.

माणगावच्या अलीकडे जळका वास आला. नाक शाबूत होतं. खाली उतरून मागच्या डाव्या चाकाला हात लावला तर चटका बसला, आणि चाकाच्या आतून तेल ओघळून टायरवर पसरलं होतं. शेजारच्या टपरीवाल्यानं मेकॅनिकला बोलावलं. साईराज नाव, तिशीचा गडी. त्यानं जॅक लावला आणि चाक दोन्ही हातांनी हलवलं, तर ते हलणाऱ्या दातासारखं डुगडुगलं.

"काका, एवढा बोंबलतोय एक्सल, आणि इथवर आलात कसे? अजून पाच-दहा किलोमीटर गेला असतात तर चाक बाहेर आलं असतं."

मंदानं तोंडाला पदर लावला.

नवं बेरिंग महाडहून यायचं होतं. अकरा वाजले, बारा वाजले. कृष्णाबाई दर थोड्या वेळानं किती वाजले विचारायची आणि उत्तर ऐकून पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. कमळाकरला तिच्याकडे बघवेना. साईराजनं जुनं बेरिंग काढलं, कमळाकरच्या कानाशी धरून बोटानं गर्रकन फिरवलं. "ऐका, वाळू भरल्यासारखं."

"हो, येतोय की," कमळाकर म्हणाला.

साईराजनं बोट थांबवलं. "आणि आता?"

"आताही येतोय."

बेरिंग थांबलेलं होतं. साईराज गोंधळून मंदाकडे बघायला लागला, मंदा सासूकडे, आणि कृष्णाबाई लेकाकडे. कमळाकरला प्रश्न पडला, सगळे अचानक गप्प का झाले. काहीतरी हुकलं एवढं त्याला कळलं. काय हुकलं ते विचारायची त्याला भीती वाटली, खरीखुरी भीती. तो पाणी प्यायला टपरीवर गेला.

नवं बेरिंग बसलं आणि दीडला गाडी सुटली. शिमग्याची गर्दी, कशेडीला रांग, चिपळूणला रांग. वाडीत पोचायला साडेपाच वाजले. दाराला कुलूप तसंच. शेजारची काकी म्हणाली, "तुमी येनार म्हनून पालकी अर्धा तास थांबली हो तुमच्या आंगनात. मग गेली." कृष्णाबाई गाडीतून उतरली, कुलपावरून हात फिरवला आणि रडली. कमळाकरला त्या क्षणी चंदनचा शब्द आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

पालखी वाडीच्या शेवटच्या घरी होती. मिनलनं आजीला धरून तिथवर नेलं. परक्या अंगणात का होईना, म्हातारीनं ओटी भरली, खण-नारळ ठेवला. मग रिवाजाप्रमाणे ती गुरवाच्या कानाशी लागली आणि काय मागायचं ते सांगितलं. गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

भोवती शंभर माणसं, ढोल नुकते थांबलेले. कमळाकर मागच्या रांगेत. गुरवाचे ओठ हलताना दिसत होते. लोकांनी मान हलवली की हा हलवत होता, आणि सगळ्यांची तोंडं एकदम उघडली की हाही मोठ्यानं म्हणत होता, "होय महाराजा!" एकदा, दोनदा, तीनदा. लोक त्याच्याकडे वळून का बघतायत ते त्याला समजेना. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, गावाला आपलं येणं आवडलं.

पालखी उठली. त्यानं मिनलला गाठलं. "आजीनं काय मागितलं गं?"

"तुम्ही होय महाराजा म्हणालात ना बाबा?"

"म्हणालो की. तीनदा."

मिनलचे डोळे भरून आले. ती त्याच्या अगदी जवळ आली, हाताची ओंजळ त्याच्या कानाशी धरली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आजीनं सांगितलं, माझ्या लेकाला ऐकू येत नाही. त्याच्या कानाला औषध मिळू दे, आणि तोवर शाळेच्या पोरांची गाडी त्याच्या हातून सोडव."

अंगणात आता चारच माणसं उरली होती. आई ओसरीच्या पायरीवर बसून त्याच्याकडेच बघत होती. व्हॅनची चावी त्याच्या खिशात होती, ती त्यानं मुठीत घट्ट धरली.

"काय?" कमळाकर म्हणाला. या वेळी त्याला सगळं नीट ऐकू आलं होतं.