सावत्र आईचा आवाज

"हसा म्हणतोय तर हसा की वैनी. एक हसणं एवढं जड झालंय व्हय?"

"जड न्हाई झालं. येत न्हाई."

"साठ भाग केलं, तवा येत हुतं. आन आजच येत न्हाई?"

रविराजने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. माया, त्याची भावजय, माइकपुढं पाटावर बसली होती. हातातला कागद तिनं मांडीवर पालथा घातला होता. कागदावर लिहिलं होतं, सावत्र आई तवा तापवते, पोरीचा हात धरते आणि हसते. पुढच्या ‘मोठ्याने’ या शब्दाखाली रविराजने दोन रेघा ओढल्या होत्या.

"लोक त्या हसण्यासाठी थांबत्यात," तो म्हणाला. "खाली लिवत्यात, ही बाई घावली तर चपलेनं हाणू. तुमचं काम किती भारी हाय, त्याचीच पावती हाय ती."

"मग आपला आटपाडीतला पत्ता देऊन ठेवा त्यास्नी. हेलपाटा नको."

"चेष्टा नगा करू. संध्याकाळला भाग टाकायचाय."

बाहेर ओट्यावर सासू अंबूबाई ओलं पोतं आणि धुण्याचं धोपाटणं घेऊन बसली होती. गोष्टीतल्या माराचा आवाज तिच्याकडं असे. "मी हाणाय सुरू करू का?" तिनं आत डोकावून विचारलं. "पोतं वाळाय लागलंय."

"थांबा आत्ती," माया म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी रविराज सांगलीहून चित्रं हलवायची विद्या शिकून आला आणि त्यानं मोबाइलवर मुलांच्या गोष्टींचं चॅनेल काढलं. गोष्टीतल्या पुरुषांचे आवाज तो स्वतः काढी. बायका सगळ्या माया. छळणारी तीच, सोसणारी तीच, शेजारची चुगलखोरही तीच. घरामागच्या चाऱ्याच्या खोलीला त्यानं चारी बाजूंनी जुनी घोंगडी टांगली, वर छताला दोन ताणली, की रिक्षाचा, कुत्र्यांचा आवाज आत येऊ नये. आवाज आत आला नाहीच, पण बोललेलाही परत येईना. तिथं बोललं की शब्द लोकरीत जाऊन मुरे. उन्हाच्या वेळी पत्र्याच्या भोकातून एक कवडसा उतरे, त्यात लोकरीचे तंतू तरंगत राहत, आणि मायाला वाटे, आपण एखाद्या भल्या मोठ्या मेंढीच्या पोटाशी बसलोय. ती श्वास घेतीय. तिच्याबरोबर खोली हलतीय.

अशा वेळी तिचे डोळे मिटत. मिटले की माळ दिसे.

मायाचा जन्मच वाटेवरचा. दिवाळी सरली की तिचे आईबाप मेंढरं घेऊन कोरेगावच्या बाजूला निघत, ते पाऊस लागताना माघारी येत. एका कालव्याच्या कडेला बाभळीखाली ती जन्मली आणि तिसऱ्या दिवशी घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात बसून पुढच्या तळावर गेली. चालायच्या आधी तिला ओरडता येऊ लागलं, असं तिची आई मनुबाई सांगे. सहा वर्षांची असताना ती कोणत्याही मेंढीचा आवाज असा काढी, की कोकरं दूध सोडून तिच्याकडं पळत. बाप चिडे. आई म्हणे, काढू दे, कामाला येतंय.

आणि येई. एखादी मेंढी मेली की तिचं कोकरू दुसरीला लावावं लागे. दुसरी जवळ करत नसे, लाथ घाली, शिंग मारी. मग मनुबाई त्या मेंढीचा मागचा पाय धरून बसे, तिच्याच दुधाचा हात कोकराच्या डोक्यावरून, पाठीवरून फिरवी, आणि माया मागं बसून त्या मेंढीच्या स्वतःच्या पिल्लासारखी ओरडे. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पाय धरावा लागत नसे. मेंढी मान वळवून कोकराला हुंगे आणि उभी राही. पुढं त्या दोघांकडं कुणी वेगळं म्हणून बघत नसे. सावत्र मेंढी असा शब्द मायानं कधी ऐकला नाही.

चार वर्षांपूर्वी रविराजच्या थोरल्या भावाशी, सिद्धूशी, तिचं लग्न झालं, तेव्हा त्याची पोरगी सृष्टी पाच वर्षांची होती. तिची आई शिवांजली तापानं गेलेली. सिद्धूही दिवाळी सरली की मेंढरं घेऊन कोरेगावकडं जाई, आत्ताही तो तिकडंच होता. मायानं कुणाचाही पाय धरला नाही. पोरगी पहिल्याच आठवड्यात वेणी घालून घ्यायला पाठ करून तिच्यापुढं येऊन बसली. गेलेलीला ती आई म्हणे आणि मायाला मम्मी. दोन्ही हाका एका घरात सुखानं नांदत होत्या.

रविराजच्या गोष्टींत मात्र बायका दोनच तऱ्हेच्या. एक लाल लुगड्यातली, भुवई वर चढवलेली. दुसरी फिकट निळ्या लुगड्यातली, गालावर थेंब असलेली. तो थेंब चित्रातच होता, वेगळा काढता येत नव्हता. मायानं एकदा त्या निळीला सणाच्या दिवशी हसवलं, तर ती थेंबासकट हसली. खरी आई भिंतीवर हारात, डोक्यामागं उजेड. बापाची चित्रं दोन, खाटेवर पाठमोरा बसलेला आणि हात उगारलेला. प्रत्येक भागात तो पाठमोरा बसे आणि शेवटी उठून लाल लुगड्याला एक ठेवून देई. मार बसला की डोक्याभोवती चांदण्या फिरत, चिमण्या चिवचिवत. पोरं हसत. मग लाल लुगडं पाया पडे आणि खाली अक्षरं येत, समाप्त.

मायानं हे सगळं केलं, कारण तिला आवडायचं. खरं सांगायचं तर लालचाच आवाज काढायला जास्त आवडायचा. दिवसभर ‘व्हय आत्ती, बरं भावजी’ म्हणणाऱ्या तोंडातून ती बाई फणकारत बाहेर पडे, घोंगड्यांवरून फिरे, कुणाला भीत नसे. कधी डोळे मिटले की माळावर अशा कितीतरी लाल बायका मेंढरांसारख्या पांगलेल्या दिसत. संथ चरत असत. माया हाक मारी आणि त्या सगळ्या एकदम मान वर करून तिच्याकडं बघत, तिच्याच तोंडवळ्याच्या.

ते कालपर्यंत.

काल सकाळी ती सृष्टीची वेणी घालत होती. मायाला तिसरा महिना लागलाय, हे अंबूबाईनं शेजारणीला सांगितलेलं पोरीनं ऐकलं होतं. कंगवा एका गाठीत अडकला, तशी सृष्टीची मान आखडली. ती ओरडली नाही. तिनं डोळे घट्ट मिटले आणि थोडा वेळ वाट बघितली. काही झालं नाही, तेव्हा तिनं साध्या आवाजात विचारलं,

"मम्मी, तू मला बाळ झाल्यावर मारणार का त्याच्या आदी?"

"का गं मारीन?"

"गोष्टीत बाळ झाल्यावर मारत्यात." मग मागं न बघता म्हणाली, "हातावर नको मारू. चित्रकलेची परीक्षा हाय."

मायानं वेणी पुरी केली. रिबीन बांधली. पोरगी दप्तर घेऊन शाळेला गेली, वळणावर रोजच्यासारखा हात केला. भीती म्हणून नव्हे, पाऊस येणार म्हणून छत्री विचारावी, तसं तिनं विचारलं होतं. हे मायाला दिवसभर सोसेना. साठ वेळा तिच्याच गळ्यातून पोरीनं ते ऐकलं होतं, चाऱ्याच्या खोलीच्या दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसून.

"वैनी, कुठं गेलाय?" रविराजने तिच्यापुढं चुटकी वाजवली. "बरं, असं करू. शेवट नेहमीवानी गोडच करतो. बाप घरी येतोय, हाणतोय, बाई माफी मागतीया. झालं?"

"आन पोरीचा हात?"

"कुठला हात?"

"भाजलेला."

रविराज गोंधळला. "पुढच्या भागात असतोय की बरा. चित्र तेच हाय."

ओट्यावरून अंबूबाई म्हणाली, "त्याला खरं काय ठावं. खऱ्या माराला पोत्यावानी आवाज नसतोय बाबा. तुजा बा मला चाबकाच्या दांड्यानं हाणायचा, तर शेजारच्या खोपीत कळत नव्हतं. वराडलं तर जास्त बसायचं, मग कोण वराडतंय." ती हसली, दात नसलेलं. "हितं बरं हाय. पोत्याला हाणा, पोरं हसत्यात."

हे पोतं ती एवढ्या जोरानं का हाणते, ते मायाला आज कळलं. पत्र्याच्या भोकातला कवडसा हळूहळू तिच्या पायावर आला. तिला वाटलं, लोकरीत मुरलेले साठ भागांचे शब्द आत कुठंतरी जिवंत आहेत आणि पोरगी खोलीत आली की ते तिच्या अंगावर उतरतात, कुसळांसारखे.

दारात दप्तराचा आवाज झाला. सृष्टी शाळेतून आली होती. आज भाग आहे का, म्हणत ती नेहमीच्या जागी उंबऱ्याशी टेकली आणि गुडघे जवळ ओढले.

माया उठली. कागदाची घडी करून तिनं रविराजच्या हातात दिली आणि बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिली, तिघांना दिसेल अशी.

"भावजी, लाल लुगड्याला दुसरं कोण तरी बघा. आत्ती, ते पोतं वाळत घाला. शुक्रवारी सृष्टीची परीक्षा संपतीया. शनवारच्या एसटीनं आमी दोघी कोरेगावला तळावर जाणार, हिच्या बापाकडं. पाऊस लागंपर्यंत तितंच राहणार."

"पोटुशी बाई रानात?" अंबूबाई म्हणाली. "सिद्धूला इचारलं का?"

"इचारलं न्हाई. सकाळीच फोन करून सांगितलंय."