मनुका आमच्याकडे, पाळक त्यांच्याकडे

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, तरी मंडळ्या दोन. एक बाप्तिस्म्याला पाणी शिंपडणारी, दुसरी वैनगंगेत बुडवणारी. मी शिंपडणाऱ्यांच्या पंचांपैकी. या भांडणांचा मला वीट आला आहे, असं मी ज्याला त्याला सांगायचो. पण भांडणात पुढे मीच असायचो.

त्या वर्षी ईस्टरला दोघांनी मिळून प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घ्यावं म्हणून बैठक बसली. भाकर कोणत्या पाळकानं मोडायची, यातच सगळी दुपार गेली. "त्यांच्या हातचं आम्ही घेणार नाही," असं म्हणून मी तडक उठलो, बाजारात गेलो आणि करीमभाईच्या दुकानातल्या होत्या तेवढ्या मनुका विकत घेतल्या. आमच्या भागात मनुका उकळूनच द्राक्षारस करतात. तो त्यांना मिळू नये, एवढाच माझा हेतू.

करीमभाई हसला. "तुमचा येसू त एकच हाय ना, भाऊ? मंग मनुकाची लूट काऊन करून राह्यले?"

मी पैसे मोजले आणि पिशवी उचलून घरची वाट धरली.

त्याच आठवड्यात बायकोला हिवताप भरला. शुक्रवारी डॉक्टरांनी आशा फारशी ठेवू नका म्हणून सांगितलं. शनिवारी दुपारी तिनं प्रभुभोजन मागितलं. आमचे पाळक चांद्याहून बसनं यायचे होते. उन्हात रस्त्याकडेला उभा राहून मी प्रार्थना करत होतो, की प्रभू, आमच्या पाळकांना सुखरूप पोहोचव. बस आली, पण पाळक आले नाहीत. मला देवाचाच राग आला. मागून मागून मी मागितलं होतं काय!

घरी येऊन तिला म्हटलं, "पाळक नाई आले. उद्यालोक थांब."

"थांबनं माह्या हातात हाय का?" तिला धाप लागली होती. "मले भाकर पायजे. कोन्या मंडळीची, थे मी इचारलं का तुमाले? जा ना समोरच्या घरी."

समोरच्या घरात बुडवणाऱ्यांचे पाळक राहत. मनुकांची पिशवी घेऊन मी गल्ली ओलांडली. मान वर होईना. त्यांच्या बाईंनी पिशवीकडे पाहिलं. "आल्या का मनुका! आमी त उद्या मंडळीले चिंचेचं पानी पाजनार होतो."

माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत पाळकांनी सदरा चढवला. "भाऊ, सकाळपासून तीनदा तुमच्या उंबऱ्यापर्यंत आलो अन् मागं फिरलो. तुमी हाकलून देसान असं वाटे."

बाईंनी रस उकळून आणला. पाळकांनी भाकर मोडली, तिला दिली, मग माझ्यासमोर धरली. माझा हात पुढे होईना. "मला क्षमा करा," मी म्हणालो. "मलेबी करा," ते म्हणाले.

बायको खाटेवरून करवादली, "घ्या ना आता दोघंबी! मी थकून राह्यली."

आम्ही घेतलं. पहाटे तिला घाम फुटला आणि ताप उतरला. भाकरीनं की कुनैननं, ते मी सांगत नाही. एवढंच कळलं की मी देवाकडे पाळक मागत होतो, आणि त्यानं घरासमोर आणून ठेवलेला पाळक मला चालत नव्हता. ज्यानं पापी माणसासाठी प्राण दिला, त्याच्या मेजावर कोणी बसावं हे ठरवायला मी निघालो होतो.

मंडळ्या अजून दोनच आहेत. बैठकीत माझा आवाज अजून चढतो. मग मी मध्येच खाली बसतो आणि मनात म्हणतो, प्रभू, ही तुझी मंडळी तूच सांभाळ, माझ्याच्यानं होत नाही. तेवढं म्हणता येतं, हे त्याचे उपकार. घरी गेलो की बायको विचारते, "आज भांडले का?" खरं काय ते सांगतो. ती ताट वाढते.